वाडीतून वर गेलेली वायर

हमीदचाचा गेल्याचं मला महाडच्या एसटी स्टँडवर कळलं. मी पत्रकं वाटत होते. चहाच्या गाडीवरचा एकजण म्हणाला, "तुमचा तो केबलवाला गेला काल." आमचा म्हणे… जिवंत होता तेव्हा पोलादपूर रस्त्यावरच्या सगळ्या गावांना तो हवा असायचा, दर रविवारी दुपारी.

कुवेतहून परतल्यावर चाचांनी केबल टाकली आणि बाकी चॅनलांसोबत स्वतःचं एक चॅनल सुरू केलं. रविवारी त्यावर आपल्याच भागातल्या लग्नांच्या कॅसेटी लागायच्या. नवरानवरीच्या चेहऱ्याभोवती बदाम फिरायचे, मागे सिनेमाची गाणी, आणि पंगतीत वाढणारी काकू पडद्यावर आली की घरभर ओरडा. मालिकांतल्या मढलेल्या बायका आठवडाभर बघून झाल्यावर माणसं स्वतःला बघायला बसायची. पण स्वतःला म्हणजे कुणाला? दिसायची ती वरच्या गावठाणातली लग्नं. खालच्या आमच्या बौद्धवाडीतलं एकही नाही.

म्हणून ताईच्या लग्नाची कॅसेट घेऊन मी चाचांच्या दुकानात गेले, भांडायच्या तयारीने. चाचा म्हणाले, "अगो, कोणी आणून दिली तर लावणार ना. या रविवारी तुझी ताय, पुढच्या रविवारी अण्णांचा मुलगा."

अण्णा म्हणजे वरच्या गावातले मोठे जमीनवाले. दुसऱ्याच दिवशी ते दुकानात आले. मी तिथे होते, तरी नसल्यासारखे बोलले. "हमीदभाई, वाडीतलं लगीन वाडीत बघू दे. आमच्या घरात कशाला?"

"घरात कुठं येतंय, अण्णा? टीव्हीत येतंय."

अण्णा हसले नाहीत. शनिवारी आमच्या वाडीतली वायर कुणीतरी कोयत्याने तोडली. आता ती वायर कुठून कुठे जाते हे तोडणाऱ्यांना ठाऊकच नव्हतं. असणार कसं, वाडीत कधी पाय ठेवला असता तर दिसलं असतं. हायवेवरून येणारी वायर आधी आमच्या वाडीत यायची, आमच्या फणसाला वळसा घालून मग वर गावठाणात चढायची. वाडीची तोडली आणि गावाचेच टीव्ही काळे झाले. मालिका गेल्या, क्रिकेट गेलं, अण्णांच्या मुलाच्या लग्नाची कॅसेटही अडकली.

मी पत्रक लिहून काढलं. ज्या महाडात माणसं पाण्यासाठी तळ्यावर चालून गेली, त्याच्या कुशीत लग्न बघण्यावरून वायर तुटते, असं. चाचांनी पोलिसांत तक्रार द्यावी म्हणून मागे लागले. ते म्हणाले, "तू छाप. माझं नाव नको घालू." दंगलींनंतरच्या त्या वर्षांत त्यांच्या मोहल्ल्यातला माणूस चौकीची पायरी का चढत नव्हता हे मला कळत होतं. तरी संताप आला, आणि तो आजही पुरता गेलेला नाही. बोलायला हवं होतं त्यांनी…

त्यांनी वायर जोडली नाही, एवढंच केलं. वरच्या गावाने आठवडाभर कळ काढली, मग अण्णांचा पुतण्या आला. "चाचा, कधी जोडताय?"

"आत्ता येतो. पण जिथं थांबलंय तिथनंच सुरू होणार."

त्या रविवारी पांढऱ्या साडीतली ताई वरच्या गावातल्या घराघरांत दिसली. पुढे एसटीत अण्णांच्या सुनेने आईला हळूच विचारलं, साडी कुठून घेतलीत. आई आठवडाभर ते सांगत होती. मला वाटायचं, एवढ्यावर खूश व्हायचं?

आता घरटी डिश आहे. कुणाचीच वायर कुणाच्या दारातून जात नाही, त्यामुळे तोडायचीही गरज उरली नाही. दुसऱ्याचं लग्न न बघण्याची सोय प्रत्येकाला मिळाली, आणि याला आपण प्रगती म्हणतो.

परवा चाचींना भेटायला गेले. मागच्या खोलीत कॅसेटींचे थर. आपल्याकडच्या ओलीने टेपला बुरशी धरते, म्हणून चॅनल बंद पडल्यावरही चाचा पावसाळा सरला की एकेक कॅसेट व्हीसीआरमध्ये घालून शेवटपर्यंत फिरवायचे. "यंदाचं राहिलं त्यांचं," चाची म्हणाल्या. "बसतेस?"

बसले. पहिली हाताला आली ती अण्णांच्या मुलाची. मी ती बाजूला सरकवली. चाची म्हणाल्या, "ती पण फिरव गो. ते कोणाचीच सोडत नसत."

घातली. पडद्यावर अण्णा फेटा बांधून पाहुण्यांना जिलेबीचा आग्रह करताहेत. पुढे करायचं बटण हाताशी आहे, पण घाईने फिरवली तर टेप ताणली जाते. ताईची कॅसेट थरात बरीच खाली आहे…