आधीच तयार ठेवलेला निरोप

आमच्या पेपरात बातमी घडायच्या आधीच लिहून ठेवायची पद्धत आहे. तुम्ही हसाल, पण खरं सांगते. गणपती अजून मांडवात असतो आणि आमच्याकडे 'विसर्जन शांततेत' हे पान लागून तयार असतं. दहावीचा निकाल यायचा असतो, पण 'यंदाही मुलींचीच बाजी' हा मथळा केव्हाचा येऊन बसलेला असतो. शहरातलं एखादं मोठं माणूस दवाखान्यात भरती झालं की त्याचा जीवनपरिचय लिहून ठेवायचा, आणि ते बरं होऊन घरी आलं की त्याच्याच घरचे पेढे खायचे. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. छपाई कोणासाठी थांबत नाही ना! ही सवय आमच्या अंगात इतकी मुरलेली होती, म्हणूनच पुढचं सगळं झालं.

मी अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या कार्यालयात निधनवार्ता घेते. शाळा सातवीपर्यंतच. नवरा गेल्यावर इथे चहापाण्याच्या कामाला लागले आणि रिकाम्या संगणकावर एकेक बोट ठेवत टायपिंग शिकले. फोन वाजतो, पलीकडे कोणी रडत असतं. मी म्हणते, "घाई नका करू, सावकाश सांगा." मग नाव, वय, मागे कोण कोण आहे, अंत्ययात्रा किती वाजता निघणार. लिहून झालं की परत फोन करून सगळं वाचून दाखवते. तेव्हाच लोकांच्या लक्षात येतं, की धाकटी सून सांगायची राहिली.

माझ्या बाजूच्या खुर्चीवर पानं लावणारी पोरगी बसते. पान लावणं म्हणजे बातम्या, फोटो, जाहिराती संगणकावर जिथल्या तिथे बसवणं. मला मावशी म्हणते. त्यांच्या घरात ऑफिसात नोकरी करणारी ती पहिलीच बाई. त्यांच्या वस्तीतल्या विहारात रविवारी मुलींना कॉम्प्युटर शिकवते, त्या मुली हिच्याकडे पाहून मोठ्या होत आहेत. तिला सातवा महिना होता, बाळंतपणाची रजा मंजूर झाली होती. मला रोज बजावायची, "मावशी, रजा सरली का मी इथंच. माह्या खुर्चीवर कोणाले बसू देऊ नका."

"नाही वं देत. माझी पिशवी ठेवतो तिथं," मी म्हणायची.

कंपनी नव्या मालकांकडे गेल्यावर मोठ्या शहरातून नवे साहेब आले. बोलायला एकदम गोड. मला काकू म्हणायचे. दर सोमवारी सगळ्यांना गोल उभं करून टाळ्या वाजवायला लावायचे आणि म्हणायचे, "आपण कंपनी नाही, फॅमिली आहोत." माझ्या कुटुंबात मी कधी अशा टाळ्या वाजवल्या नव्हत्या, पण वाजवल्या बापा. त्यात काय जातं?

एकदा त्यांनी अमरावती आणि अकोला, दोन्ही ऑफिसांना अकोल्याच्या एका हॉटेलात प्रशिक्षणाला बोलावलं. मूर्तिजापूरपर्यंत गाडीत गाण्याच्या भेंड्या, चिवडा, मजाच मजा. जेवणाआधी साहेब म्हणाले, "आता एक खेळ. समजा, आज तुमचा इथला शेवटचा दिवस आहे. सहकाऱ्यांचा निरोप घ्या. एकेक छोटा व्हिडिओ करा आणि मला पाठवा. कंपनीवर तुमचं किती प्रेम आहे ते त्यातून कळतं."

दुसऱ्या कुठल्या ऑफिसात एखाद्याने तरी विचारलं असतं, कशाला म्हणून. आम्ही नाही विचारलं. जे व्हायचं आहे ते आधी करून ठेवायचं, हे तर आमचं रोजचं काम. अकोल्याचे गुन्हेवार्ता पाहणारे भाई मोबाईलचं शूटिंग चालू करत म्हणाले, "रोज दूसरों का निपटाते हैं मावशी, चलो, आज अपना निपटा देते." सगळे खो खो हसले.

पोरीचा व्हिडिओ मी माझ्या मोबाईलवर घेतला. मी म्हटलं, "हं, समज, आज तुहा शेवटचा दिवस. पोट नको दिसू देऊ, नजर लागते. बोल आता." ती निवेदिकेसारखी ताठ झाली. "नमस्कार. आज माझा इथला शेवटचा दिवस. घरच्या कारणामुळे मी थांबते आहे. या ऑफिसनं मला खूप दिलं. माझी कोणाबद्दलही तक्रार नाही." आणि मग फिस्सकन हसली. "मावशी, लयच खरं वाटून राहिलं वो!"

मग तिने माझा घेतला. मीही बोलले, आणि बोलता बोलता मला खरंच भरून आलं. दोन्ही व्हिडिओ साहेबांना पाठवले आणि जेवायला गेलो.

पोरगी रजेवर गेली. त्यानंतर एका सकाळी मी अंबाडीची भाजी निवडत होते, तर मोबाईल सारखा टुणटुण करू लागला. ऑफिसच्या ग्रुपवर पोरीचा व्हिडिओ. "आज माझा इथला शेवटचा दिवस." खाली साहेबांनी लिहिलेलं, "तिच्या निर्णयाचा आम्ही आदर करतो. पुढील वाटचालीस शुभेच्छा." त्याखाली जोडलेल्या हातांची आणि फुलांची रांग. माझा आवाज सुरुवातीतून कापलेला. शेवटचं तिचं हसणंही कापलेलं. हसणं काढलं तर ती किती दुःखी दिसत होती! मला एक क्षण तेच खरं वाटलं. मीच घेतलेला व्हिडिओ, आणि मलाच खरा वाटला.

मी फोन लावला. "अवं, नोकरी काहून सोडली वं? मले सांगितलं बी नाही?"

"काय सोडली मावशी? मी दवाखान्यात नंबर लावून बसली आहो."

"ग्रुप पाह्य."

तिने तिथंच व्हिडिओ लावला, फोनमधून मला तिचाच निरोप ऐकू आला. मग बारीक आवाजात ती म्हणाली, "मावशी, हे तं आपलं अकोल्याचं होय ना? तो खेळ?"

भाजी तशीच टाकून मी ऑफिसात गेले. साहेब शांतपणे म्हणाले, "काकू, ती स्वतः बोलली आहे. तिच्यावर कोणी जबरदस्ती केली का?" स्वतःहून सोडली म्हटलं की रजेचा पगार द्यायला नको, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"सर, तुम्हीच खेळ म्हटलं होतं."

"खेळात माणूस मनातलंच बोलतो, काकू." हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावरचं गोड हसू जराही हललं नाही. मग स्वतःचा मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यात मी होते, डोळे पुसत. "तुमचाही फार सुंदर आहे. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं."

इतकी वर्षं मी मेलेल्या माणसांच्या बातम्या घेतल्या, पण असं गार मला कधी वाटलं नव्हतं. चिडलेला साहेब मी पाहिलेला आहे, फाइल फेकणारा पाहिलेला आहे. गोड हसत माझंच रडणं मला दाखवणारा पहिल्यांदाच पाहत होते.

बाहेर येऊन जागेवर बसले. मला व्हिडिओ कापता येत नाही, त्यामुळे माझ्या मोबाईलमध्ये पोरीचा निरोप सगळाच्या सगळा होता. "समज, आज तुहा शेवटचा दिवस" इथपासून "लयच खरं वाटून राहिलं वो" इथपर्यंत. तिला फोन करून विचारलं, "टाकू?" ती म्हणाली, "टाका." मी तो ग्रुपवर टाकला.

मग अकोल्याच्या भाईंनी त्यांचा टाकला, तो 'चलो निपटा देते' वाला, पूर्ण. मग जाहिरात विभागाच्या मॅडमनी. दुपारपर्यंत ग्रुपवर सगळे एकामागून एक निरोप घेऊन खदाखदा हसत होते. साहेबांनी सकाळी टाकलेला व्हिडिओ गायब झाला. संध्याकाळी पोरीला मुख्य कार्यालयातून फोन आला, गैरसमज झाला होता, नोकरी आणि रजा दोन्ही कायम आहेत. ती फोनवर रडली, आणि मग मला रागावली, "मावशी, आता तुमचं काय?"

माझं दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. ग्रुपवर मी. "आज माझा शेवटचा दिवस. खूप प्रेम मिळालं." खाली शुभेच्छा. कोणी तरी तो बाहेरही पाठवला असेल, कारण बहिणीचा फोन आला, शेजारणीचा आला, ज्यांच्या घरची निधनवार्ता मी कधी काळी घेतली होती त्यांचेही आले. सगळे हळू आवाजात म्हणत, "ऐकून फार वाईट वाटलं." सवयीने माझ्या तोंडावर आलं होतं, अंत्ययात्रा किती वाजता?

डबा भरला आणि रोजच्या वेळेला ऑफिसात गेले. सगळ्यांच्या माना वर झाल्या. साहेब काचेच्या दारातून माझ्याकडे पाहत राहिले, बाहेर मात्र आले नाहीत. मी पिशवी पोरीच्या खुर्चीवर ठेवली. फोन वाजत होता. उचलला, तर पलीकडे एक बाई रडत होती.

"घाई नका करू," मी म्हटलं. "मी इथंच आहो. सावकाश सांगा."