पूर्ण मार्क

परीक्षेच्या दिवशी गावंडे सर वहाणा वर्गाबाहेर काढून अनवाणी फिरायचे. पावलांचा आवाज नाही, आणि कानाशी एकदम ‘काय चालू हाये बे?’ आलं की जीव अर्धा व्हायचा.

सातवीत मी बाकावरच्या वासूला गणित सांगताना सापडलो. आता सालटी निघणार, असं वाटलं. सर बाकाशी वाकून हळूच म्हणाले, ‘‘तुले वाटते, तू त्याचं भलं करून राहिला. अबे, त्याले काय येत नाही हे मले समजू तं दे! नाही तं मी कोनाले काय शिकवू?’’ मग सरांनी महिनाभर वासूला घरी बोलावून शिकवलं. काकू भजे तळायच्या. ते खायला मीही जायचो.

आता मी अकोल्यात एका दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासतो. तीन शब्द सांगायचे, घड्याळ काढायला लावायचं, मग तेच शब्द विचारायचे. कुणी अडखळलं की डॉक्टरांकडे पाठवायचं. एवढंच काम. दीड वर्षापूर्वी काकू सरांना अमरावतीहून घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘‘दूध उतू जाते अन् हे समोरच उभे!’’

फळ्यावर नुसत्या हातानं गोल वर्तुळ काढणाऱ्या सरांनी घड्याळाचे बाराही आकडे एकाच बाजूला कोंबले. मी कागद बदलला आणि आकड्यांच्या जागी बोट ठेवत गेलो. मग शब्द विचारले. ‘‘विहीर,’’ सर म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. मला ते बघवेना. मी दोन बोटांची कात्री चालवली, मग हवेतच संत्रं सोललं; सरांनी उरलेले दोन्ही शब्द सांगितले.

‘‘पास झालो ना बे?’’

‘‘पूर्ण मार्क, सर! काकू, वयानं होते थोडं. काही नाही.’’

गेल्या महिन्यात सर भाजी आणायला निघाले आणि बडनेरा स्टेशनवर सापडले. दुखणं फार पुढे गेलंय, असं अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं. मी भेटायला गेलो. सरांनी विचारलं, ‘‘हा कोन?’’

काकू चहा देत म्हणाल्या, ‘‘तू म्हनला काही नाही, म्हनून मले वाटे हे मुद्दाम करतात. दीड वर्ष खेकसत राह्यली रे मी यायच्यावर! आता माफी मागतो, तं कायची मागून राहिली हेच यायले समजत नाही.’’

मी खरं सांगायलाच गेलो होतो. लाज वाटते लिहायला, पण चहा पिऊन तसाच परत आलो.