आई बँकॉकच्या रस्त्यावर काय खायची

माझी लेक कॉलेजच्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर बँकॉकला निघाली होती. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती टेबलावरच फोन उघडून बसली. माझे आईबाबा त्या वर्षी पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे, अमेरिकेत कॅरीला आले होते. नवरा कामासाठी टेक्सासला गेलेला. त्यामुळे टेबलावर आम्ही चौघंच, आणि मध्ये श्रीखंडाचं भांडं. ते संपवायची जबाबदारी आईने घेतली होती.

आमच्या घराबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. लेक सगळं खाते. ती इथेच जन्मली, इथेच वाढली. आम्ही बाकीचे शाकाहारी. मी तर इतकी, की थाई रेस्टॉरंटमध्ये गेलं की वेट्रेसला आधी विचारते, फिश सॉस नाही ना? ती नाही म्हणाली तरी पुन्हा विचारते. ऑफिसमधले लोक हसतात. बाबा केकमध्ये अंडं आहे का हे कळल्याशिवाय नातीच्या वाढदिवसाचासुद्धा तुकडा तोंडात घालत नाहीत. आणि आई त्यांच्याहून काकणभर सरस. आली की पहिल्या दिवशी माझा तवा बाजूला ठेवते आणि स्वतःसाठी नवा काढते, कारण माझ्या तव्यावर नात ऑम्लेट करते.

तर लेक फोनवर वाचत होती. ट्रॅव्हलर्सनी बँकॉकला गेल्यावर रस्त्यावर काय काय खाल्लंच पाहिजे, असं काहीतरी.

‘‘ओके, फर्स्ट, बोट नूडल्स,’’ ती म्हणाली. ‘‘आई, सो क्यूट! एवढ्याशा बोलमध्ये देतात.’’

‘‘त्याचा रस्सा काळा असतो ना?’’ भांड्याच्या कडेचं श्रीखंड चमच्याने निपटत आई म्हणाली. ‘‘त्यात रक्त घालतात. डुकराचं, नाहीतर गाईचं. तुला चालत असेल तर खा बाई, पण माहीत असलेलं बरं.’’

मला वाटलं, यूट्यूबवर पाहिलं असेल. हल्ली ती काहीही पाहते.

लेकीने खाली स्क्रोल केलं. ‘‘वॉव, इट सेज ब्लड. करेक्ट, आजी. नेक्स्ट, पपाया सॅलड.’’

‘‘कच्च्या पपईचं. उखळात कुटून देतात. त्या बाईला सांगायचं, माय फेत. म्हणजे तिखट नको. तरी ती एक-दोन मिरच्या टाकणारच. आणि आत वाळलेले सोडे असतात, बारीक बारीक.’’

लेकीने ‘तिखट नको’ हे थाई भाषांतरासाठी फोनमध्ये टाकलं आणि स्पीकरचं बटण दाबलं. फोनमधली बाई जे बोलली ते आईच्या बोलण्याशी तंतोतंत जुळत होतं. शेवटचा हेलसुद्धा.

बाबा संत्रं सोलत होते. त्यांचे हात थांबले.

इथे थोडं मागे जायला हवं. बाबा टेक्स्टाइल इंजिनियर. लग्न झाल्यावर लगेचच कंपनीने त्यांना बँकॉकबाहेरच्या एका सूतगिरणीत मशिनरी बसवायला पाठवलं होतं, आणि आईही बरोबर गेली होती. हे मला ठाऊक होतं. पण त्या दिवसांबद्दल आमच्या घरात फारसं कधीच बोललं गेलं नाही. तिथे पाऊस फार, आणि नारळ फार छान मिळायचे, एवढंच. मग ते परत आले आणि मी पुण्यात जन्मले. माझ्या लेखी बँकॉक म्हणजे आईबाबांच्या आयुष्यातला एक लांबलेला प्रवास होता. मी त्यात नव्हते.

‘‘ऑयस्टर ऑम्लेट?’’ लेकीने विचारलं. आता ती फोनकडे कमी आणि आजीकडे जास्त बघत होती.

‘‘कालवांनी पोट बिघडतं. उन्हाळ्यात तर नकोच. त्यापेक्षा ते खा, आप्प्यांसारखं असतं बघ. तसंच खळग्यांचं बिडाचं पात्र. नारळाच्या दुधात करतात, वर कांद्याची पात. कडेने कुरकुरीत आणि आत असं लिबलिबीत. आणि गाडी कशी निवडायची सांगते. जिथे टुरिस्टांची रांग आहे तिथे जायचं नाही. जिथे बायका घरी न्यायला पिशव्या बांधून घेत असतात, तिथे जायचं.’’

‘‘तुला कसं माहीत?’’ बाबांनी विचारलं.

‘‘पाहिलंय मी.’’

‘‘आतून लिबलिबीत आहे हे पाहून कळतं?’’

आईने चमचा खाली ठेवला. घरात डिशवॉशरचा तेवढा आवाज. लेक मात्र या देशात वाढलेली. आपल्याकडे कुठले प्रश्न विचारायचे नसतात, हे तिला कुणी शिकवलंच नाही. तिने सरळ विचारलं, ‘‘आजी, डिड यू ईट इट?’’

‘‘हो,’’ आई म्हणाली.

मी उठून पाणी प्यायले. मला तहान लागलेली नव्हती.

‘‘सगळं नाही खाल्लं,’’ आई सांगू लागली. बाबांकडे न बघता, टेबलावरच्या मॅटकडे बघत. ‘‘आप्पे खाल्ले, ते पपईचं खाल्लं. पण रोज खायचे ते जोक. आपला गुरगुट्या भात असतो ना, तांदूळ अगदी विरघळलेला, तसा. वर आल्याचे केसासारखे बारीक तुकडे, पात, मिरपूड. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई गाडी लावायची, सकाळी. मी तिला पा म्हणायचे. मोठ्या मावशीला म्हणतात तसं.’’

‘‘त्या भातात काय असायचं?’’ मी विचारलं. माझा आवाज मलाच वेगळा वाटला. रेस्टॉरंटमध्ये वेट्रेसला विचारते तोच प्रश्न, मी आईला विचारत होते.

‘‘खिम्याचे गोळे,’’ आई म्हणाली. ‘‘डुकराच्या. आणि भात शिजवायचा तो हाडांच्या पाण्यात. पहिल्यांदा मला कळलं नाही. मग मी गोळ्याकडे बोट करून विचारलं, तर तिने नाकातून डुकरासारखा आवाज काढून दाखवला. तेव्हा कळलं.’’

‘‘आणि मग?’’

‘‘मग काय. घरी आले, रडले. दुसऱ्या दिवशी परत गेले.’’

बाबा उठले नाहीत, ओरडले नाहीत. संत्र्याची एक फोड बोटांत धरून बसून राहिले. ‘‘मी रोज विचारायचो,’’ ते म्हणाले, ‘‘जेवलीस का? तू म्हणायचीस, जेवले.’’

‘‘खोटं नव्हतं ते.’’

‘‘घरात डाळ होती, तांदूळ होते. भाज्या मी स्वतः आणायचो.’’

‘‘सगळं होतं हो. पोटात राहत नव्हतं.’’ आता आईने मान वर केली. ‘‘वरण उकळलं की वास सहन व्हायचा नाही. पाणी प्यायले तरी उलटायचं. तुम्ही सकाळी गाडीत बसून गिरणीत जायचात ते अंधार पडल्यावर परत. बाजूला बोलायला कोणी नाही, भाषा येत नाही. एका सकाळी गल्लीत चक्कर आली, तेव्हा त्या बाईने हाताला धरून स्टुलावर बसवलं आणि वाटी पुढे केली. ते पोटात राहिलं. किती तरी दिवसांनी पहिल्यांदा काहीतरी पोटात राहिलं.’’

‘‘आजी, तू सिक होतीस?’’ लेकीने विचारलं.

आईने माझ्याकडे हात केला. ‘‘ही होती.’’

मला कळायला वेळ लागला. खरंच लागला. मी मागे वळून बघितलं, जणू माझ्यामागे कोणी उभं होतं.

‘‘मी?’’

‘‘मग कोण? सातव्या महिन्यात परत आलो आम्ही. तोवर तेच खात होते.’’

मी किती तरी वर्षं लोकांना अभिमानाने सांगत आले होते, मी जन्मापासून शाकाहारी. ऑफिसच्या पिकनिकला, शेजाऱ्यांच्या बार्बेक्यूला, विमानातल्या एअर होस्टेसलासुद्धा. जन्मापासून हे तर खरंच होतं. माझी लेक माझ्याकडे बघून हसायला लागली आणि मग माझा चेहरा बघून थांबली. मला हसू आलं नाही, किळसही आली नाही. जिन्याची एक पायरी कमी असावी आणि पाय हवेत पडावा, तसं काहीसं झालं. मी आपले हात बघत होते. कोपरापासून बोटांपर्यंत. हे हात कशाचे झालेत, असा विचार मी आयुष्यात कधी केला नव्हता.

‘‘मला का नाही सांगितलंस?’’ बाबांनी विचारलं. मला वाटलं, आता भडका उडणार.

‘‘सांगितलं असतं तर तुम्ही मला पुण्याला पाठवून दिलं असतंत. सासूबाईंकडे. मला जायचं नव्हतं.’’

बाबा फोड ताटलीत ठेवून मागच्या दारातून बाहेर गेले. डेकवर पाठमोरे उभे राहिले. बराच वेळ.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. बाबा आईशी बोलत नव्हते. चहा हवा असला तरी मला सांगायचे, मी कॉलवर असले तरी. आई शांत होती, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. मी तिला स्वयंपाकघरात गाठून म्हटलं, ‘‘एवढी वर्षं लपवलंस, मग आता कशाला सांगितलंस? तेही सगळ्यांसमोर?’’

‘‘तिने विचारलं,’’ आई म्हणाली. ‘‘तुम्ही कोणी कधी विचारलंच नाहीत. बँकॉकमध्ये पाऊस कसा होता, एवढंच विचारायचात.’’

‘‘आणि माझा तवा बाजूला ठेवतेस!’’

‘‘मग? आता मी खात नाही. तुझ्यासाठी खाल्लं, तू झालीस, सोडलं. आवडायचं मला, हे मात्र खरं.’’

हे शेवटचं वाक्य तिने इतक्या सहज टाकलं की मी कोथिंबीर निवडायची थांबले. गरज म्हणून खाल्लं, हे मी एव्हाना कसंबसं गिळलं होतं. आवडायचं?

लेक बँकॉकला गेली. घर आणखी शांत झालं. मग एका सकाळी मी लॅपटॉप घेऊन खाली आले, तर बाबा आईसमोर बसले होते. किती दिवसांनी ते तिच्याशी थेट बोलत होते.

‘‘त्या बाईचं पुढे काय झालं?’’ ते विचारत होते.

‘‘मला काय माहीत?’’

‘‘निघताना भेटली असशील ना?’’

‘‘शेवटच्या दिवशी गेले होते. नेहमीसारखं खाल्लं. पण आता मी जाणार, परत येणार नाही, हे तिच्या भाषेत सांगता येईना. खाण्याचे शब्द यायचे तेवढे. मग उठले आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी तिने माझी वाट पाहिली असेल.’’

बाबांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले. पुसून झाला तरी पुसत होते. ‘‘मला वाटायचं, मी तुझी चांगली काळजी घेतली तिथे,’’ ते म्हणाले. ‘‘लोकांना सांगायचो मी. बायको गरोदर, परका देश, पण काही कमी पडू दिलं नाही.’’

मी लॅपटॉप घेऊन पुन्हा वर गेले. मीटिंगमध्ये माझं नाव दोनदा घेतल्यावर कुठे मी भानावर आले. बाबांना त्या डुकराचा धक्का बसलाच नव्हता, किंवा बसून ओसरला होता. आपली बायको उपाशी होती आणि आपल्याला कळलं नाही, याचा बसला होता. इतके दिवस मी भलत्याच गोष्टीवरून घाबरत होते.

त्या शनिवारी आईनेच विषय काढला. ‘‘इथे मिळतं का गं ते?’’

मिळत होतं. आमच्यापासून वीसेक मिनिटांच्या ड्राइव्हवर, एका स्ट्रिप मॉलमधल्या थाई रेस्टॉरंटमध्ये, नेल सलून आणि लाँड्रीच्या मध्ये. शनिवार-रविवार सकाळीच करतात, असं मालकीणबाईंनी फोनवर सांगितलं. बाबा म्हणाले, मी येतो, पण गाडीत बसेन. बाहेर ऊन इतकं होतं की मी गाडीचा एसी सुरूच ठेवला.

आत आईने मेन्यू उघडलाच नाही. ‘‘जोक,’’ म्हणाली. मालकीणबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी चमकून तिच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. आईने दोन शब्दांत उत्तर दिलं. त्या हसल्या आणि आत गेल्या.

‘‘काय म्हणालीस?’’

‘‘अंडं नको म्हटलं.’’

वाटी आली. पांढरा भात, वर आलं, पात, आणि मध्ये ते गोळे. वाफ माझ्या तोंडावर आली. वास वाईट नव्हता, आणि त्यानेच मी दचकले. आईने पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. मी तिला आयुष्यभर जेवताना पाहत आले आहे. सगळ्यांचं झाल्यावर, उरलेलं, उभ्या उभ्या. ही समोर बसलेली बाई मला माहीत नव्हती.

‘‘घेणार?’’ तिने चमचा पुढे केला.

मी नाही म्हटलं. हात पुढे झालाच नाही.

दाराची घंटी किणकिणली. बाबा आत आले, इकडेतिकडे बघितलं आणि आईशेजारची खुर्ची ओढून बसले. मालकीणबाईंनी विचारलं, काय आणू? त्यांनी गरम पाणी मागितलं. मग वाटीकडे बघितलं, नीट, वाकून, एखाद्या मशीनच्या आत बघावं तसं.

‘‘तसंच आहे?’’

‘‘नाही,’’ आई म्हणाली. ‘‘तिचं पातळ असायचं. आणि आलं जास्त.’’

‘‘तेव्हा सांगायला हवं होतंस.’’

‘‘हं,’’ आई म्हणाली, आणि खात राहिली. बाबांनी टेबलावरचा आल्याचा वाडगा उचलून तिच्या वाटीजवळ सरकवला.