उंबऱ्यावरचं ऊन

पेट्रोलच्या टंचाईत कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं बेळगावाहून निपाणीला जाणार असाल, तर जुने कपडे घाला आणि खडेबाजारातून चिवडा बांधून घ्या. चढ आला की मोटार धापा टाकते आणि उतारूंना उतरून चालावं लागतं. मी कॅमेऱ्याची पेटी डोक्यावर घेऊन चाललो.

मुलगी सासरी निघाली आहे आणि बाप दारात उभा आहे, एवढाच शॉट. कोल्हापूरच्या स्टुडिओत रंगवलेल्या दारासमोर, दिव्यांच्या उन्हात तो घेतला. बाप ढसाढसा रडला, पण बघणाऱ्याला काही म्हणता काही वाटेना. दिग्दर्शक म्हणाले, “खऱ्या घरी जा, खरा शेतकरी उभा करा. बापाच्या डोळ्यांत पाणी दिसलं पाहिजे. या खेपेला जमलं नाही, तर मी दुसरा कॅमेरामन बघतो.” वैशाखात माझ्या लेकीचं, कमलचं लग्न. नोकरी जाऊन कसं चालेल?

निपाणीबाहेर तंबाखूच्या शिवारात एका जैन शेतकऱ्याचं घर मिळालं, दार पश्चिमेला. बापाचं काम घरधनी आप्पाच करणार होते. दुपारी त्यांच्या बायकोनं, आक्कांनी, आग्रहानं भाकरी-आमटी वाढली. दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली नुसत्या काळ्या सावल्या पडतात, म्हणून मी मावळतीची वाट बघत बसलो. वाटेवर बैलगाडी तयार होती, तीत शेजारची मुलगी पाठमोरी बसवली होती. माझ्या कॅमेऱ्याच्या चौकटीत मात्र फक्त आप्पांचा चेहरा.

ऊन हळदीसारखं पिवळं झालं आणि आतून आक्का म्हणाल्या, “अवो, दिस चाललाय. ताट वाढलंया.”

आप्पांनी वहाणा काढल्या.

“आप्पा, जरा थांबा की,” मी म्हणालो.

“सूर्य थांबतुय व्हय?” म्हणून ते आत गेले.

जैन घरात दिवस बुडायच्या आत जेवतात. बेळगावात जन्म गेला, तरी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी रडकुंडीला आलो.

आक्का दारात आल्या. “रागावू नगा, अण्णा. आमची थोरली सासरी गेली तवाबी ह्ये असंच जेवायला म्हणून आत गेलते.”

“मग जेवले?”

“न्हाय. गाडीचा आवाज जाईस्तोर ताटाफुडं नुसतं बसलते.”

आक्का आत वळल्या. मी कॅमेरा उचलून वाटेपलीकडं नेला, सगळं घर चौकटीत घेतलं आणि गाडीवानाला हात केला. गाडी चौकटीबाहेर गेली. उरलं रिकामं दार, उंबऱ्याशी आप्पांच्या वहाणा आणि त्यांच्यावरून सरत गेलेलं ऊन.

कोल्हापुरात दिग्दर्शकांनी पडद्यावर बघून विचारलं, “बाप कुठाय?”

“आत आहे.”

त्यांनी तुकडा पुन्हा लावायला सांगितला. दिवे लागले तेव्हा ते चष्मा पुसत होते. “राहू दे हाच,” एवढंच म्हणाले.

बेळगावात टिळकवाडीला घरी आलो, तेव्हा कमल दारातच होती. आमचंही दार पश्चिमेला आहे. वैशाखात तू निघशील तेव्हा मी इथंच उभा राहीन, असं मी तिला म्हणालो. पण काय माहीत, मलाही ऐन वेळी भूक लागेल.