वंदना देवपुजारींची नोंदवही

वंदना देवपुजारी टी. टी. नगरातल्या एका सरकारी कार्यालयात सत्तावीस वर्षं आवक-जावक सांभाळत होत्या. अक्षर मोत्यासारखं. आठवडाभर तुंबलेल्या नोंदी शनिवारी एका बैठकीत उरकायच्या आणि तारखा मात्र रोजच्या टाकायच्या, ही तिथली जुनी रीत. त्यात कुणाचं काही बिघडत नसे. कागदाला थोडाच ताप येतो!

त्यांचे यजमान अनंतराव कारखान्यात तंत्रज्ञ होते. तीन वर्षांपूर्वी क्रेनच्या शिडीवरून पडले आणि कमरेखालचं अंग लुळं झालं. डॉक्टर झाले, वैद्य झाले, नवस झाले. मग साकेत नगरच्या बाजूला एका इस्पितळात संशोधन सुरू झालं. कण्यात मज्जारज्जूवर बारीक तारा बसवायच्या, कमरेपाशी कातडीखाली काडेपेटीएवढं यंत्र ठेवायचं आणि विजेच्या हलक्या झटक्यांनी झोपलेल्या नसांना डिवचत राहायचं. अनंतरावांची निवड झाली, ऑपरेशन झालं. पाचव्या आठवड्यात ते दोन दांड्यांना धरून उभे राहिले. अकरा सेकंद. वंदनाताई सगळ्यांदेखत ढसाढसा रडल्या.

घरी त्यांच्याकडे एकच काम होतं. अनंतरावांना कमरेशी काही जाणवत नसे, म्हणून रोज पट्टी उघडून जखम बघायची, ताप मोजायचा आणि इस्पितळाच्या वहीत लिहायचं. बाईंनी ते इमानेइतबारे केलं.

मग मार्च आला. सरकारी माणसाला मार्चअखेर काय असते ते वेगळं सांगायला नको. मिसरोदच्या घरी पोचेपर्यंत वंदनाताईंचं अंग आंबून जाई. पट्टीला हात घातला की अनंतरावच म्हणत, "छोड ना, वंदना. दमलीस. उद्या बघू." असे चार उद्या गेले. शनिवारी त्यांनी वही उघडली आणि हात सवयीने चालला: जखम कोरडी, ताप नाही. चार तारखा, चार ओळी, सुरेख अक्षर.

रविवारी अनंतराव तापाने फणफणले. पट्टी काढली तर खाली पू.

पू तारांपर्यंत पोचला होता. यंत्र काढावं लागलं, आणि या संशोधनात ते परत बसवता येणार नव्हतं. संशोधन चालवणाऱ्या डॉक्टर अमृता वही चाळत म्हणाल्या, "शनिवारपर्यंत सगळं ठीक, आणि एका दिवसात एवढं? मग यंत्रातच दोष असणार. पुढच्या सहा जणांची ऑपरेशनं थांबवावी लागतील."

"ती रोज बघायची, मॅडम," अनंतराव घाईने म्हणाले. "एकदम पक्कं. माझ्यासमोर."

गप्प बसणं किती सोपं होतं! नवऱ्याने झाकलंच होतं. पण कुठेतरी सहा घरं दिवस मोजत बसली असतील, आणि ते बसणं कसं असतं हे त्यांना ठाऊक होतं.

"नाही, मॅडम. चार दिवस मी पट्टी उघडलीच नाही. एकदमच लिहिलं, मनाने."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. रागावल्या नाहीत, हेच बाईंना सहन होईना.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी अनंतराव चहाचा कप तसाच बाजूला ठेवून म्हणाले, "त्या सहा जणांचं बघितलंस. माझंच तेवढं बघायचं राहिलं."

ते खरं होतं.