डाळीपुरतं पाणी

केळापूरजवळच्या आमच्या गावात जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड आहे. त्यानं पोरांचे दात पिवळे पडतात, म्हाताऱ्यांचे सांधे आखडतात. ते पाणी शुद्ध करायचं यंत्र मी चालवतो. त्यात वीज पाण्यातले क्षार पातळ पडद्यांतून ओढून घेते. पण पडद्यांवर चिकट थर बसायचा आणि यंत्र बंद पडायचं. मग वीज सलग न देता, थांबत थांबत झटक्यांनी द्यायला लागलो. थर बसेनासा झाला. मला वाटलं, जिंकलो. येडाच मी!

घरी आईनं त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत घातली आणि स्वतः हातपंपाचं पाणी प्यायली.

"काहून वं माय?"

"तुह्या पाण्याले चवच नाही बापा. डाळ मस्त शिजते, पण तहान नाही जात."

अख्खं गाव हेच म्हणतं. पडदे साफ झाले, पण या जिभेला कुठली वीज देऊ? मी तिच्यावर खेकसलो. ती डाळ उतरवायला उठू लागली आणि अर्ध्यातच अडकली. मीच तिला काखेत धरून उभं केलं.

डाळ लोण्यासारखी मऊ झाली होती. आईचे गुडघे लाकूड झाले होते.