आई, लिमभाऊ आणि गरम पाणी

आई गेल्याचं माझ्या नवऱ्याने, नितीनने फोनवर सांगितलं, तेव्हा मी सिंगापुरात चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होते. पेपर वाचता वाचता त्यांचा खुर्चीतच डोळा लागला आणि तो उघडलाच नाही… इतकं साधं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्याच दिवशी सकाळी मी घाईने निघाले, तर त्यांनी मला दारातून परत बोलावलं होतं. "मेधा, हीटरचं बटण चालू राहिलंय. बंद कर आणि मग जा." मी चपला घालूनच आत गेले, बटण बंद केलं. आमचं शेवटचं बोलणं हे. दीड महिना झाला, पण ते आठवलं की रडू येण्याआधी हसूच येतं.

आठ वर्षांपूर्वी आई साताऱ्याहून आमच्या तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये आल्या, त्या तीन महिन्यांसाठी. बाबा जाऊन वर्ष झालं होतं आणि एकट्या राहू नका म्हणून नितीनने हट्टच धरला होता. परतीचं तिकीट त्यांनी कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलं होतं. कॉलेजच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये त्यांनी तीस वर्षं असिस्टंट म्हणून काम केलेलं. इथे आम्ही दोघं कामावर, आमची मुलगी ईशा शाळेत, आणि खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलवर, कुणाशी बोलावं तर भाषेची पंचाईत. एका संध्याकाळी मी घरी आले तर त्या स्वयंपाकघरात नुसत्या बसून होत्या. मी विचारलं, काय झालं? "काही नाही गं. सकाळी अकराला लॅबचं कुलूप उघडायची सवय. आता हाताला काम नाही, म्हणून हात दुखतात."

त्यांच्या हाताला काम दिलं ते हीटरने. बाथरूमच्या दाराबाहेर हीटरचं बटण आणि त्यावर बारीक लाल दिवा. आमच्याकडे तो दिवा सकाळी लागायचा तो रात्री कुणाच्या लक्षात आलं तर बंद व्हायचा. आईंनी विचारलं, "हा दिवा दिवसभर कशासाठी?" नितीन म्हणाला, "पाणी गरम राहायला." "कुणासाठी गरम राहायला? घरात असते ती मी, आणि मी अंघोळ करते सकाळी सहाला." दुसऱ्या दिवशी त्यांनी खालच्या हार्डवेअरच्या दुकानातून थर्मामीटर आणला, ईशाची एक अर्धवट वापरलेली वही घेतली आणि आठवडाभर नोंदी केल्या. किती मिनिटं बटण चालू, पाणी किती तापलं, बंद केल्यावर किती वेळ टिकलं. रविवारी नाश्त्याला आम्हाला निकाल ऐकवण्यात आला. एका माणसाच्या अंघोळीला बारा मिनिटं पुरतात. चौघांनी पाठोपाठ अंघोळ केली तर वीस. सकाळी तापवलेलं पाणी टाकीत दुपारी चारलासुद्धा कोमट असतं, तेव्हा शाळेतून आलेल्या ईशासाठी वेगळं तापवायची गरज नाही. ईशा तेव्हा सात वर्षांची. ती म्हणाली, "आजी, सिंगापूर ऑलरेडी सो हॉट लाह, हू नीड्स हीटर?" आई गंभीरपणे म्हणाल्या, "हा प्रश्न सगळ्यात बरोबर आहे. वहीत लिही."

दुसऱ्या महिन्यात नळाला तांबूस पाणी येऊ लागलं आणि बाथरूमच्या फॉल्स सीलिंगमधून थेंब ठिबकायला लागले. हीटरची टाकी त्या सीलिंगच्या वर, आमच्याआधी राहणाऱ्यांनी बसवलेली, खूप जुनी. ओळखीतून एक परवाना असलेले प्लंबर आले. लिम नावाचे, साठीच्या पुढचे, अंगाने बारीक. टाकी पाहून म्हणाले, "आंटी, धिस वन कॅनॉट," म्हणजे ही आता चालायची नाही. आई म्हणाल्या, "कॅनॉट का, ते उघडून दाखवा, लिमभाऊ." आश्चर्य म्हणजे त्यांनी दाखवलं. आतून गंजलेला पत्रा, तळाशी साचलेला गाळ, आणि पत्र्याला गंज लागू नये म्हणून आत घालतात ती धातूची कांडी. ती जवळजवळ विरघळून गेली होती. कांडी वेळेवर बदलली असती तर टाकी आणखी पुष्कळ चालली असती, हे लिमभाऊंनी खुणांनी आणि आईंनी मराठीत एकाच वेळी सांगितलं. तास-दीड तास दोघं बोलत होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण हीटर येत होता.

नितीनचं म्हणणं पडलं की आता दोन्ही बाथरूममध्ये इन्स्टंट हीटर लावू. टाकी नाही, साठवण नाही, शॉवर सुरू केला की तेवढंच पाणी तापतं. आईंनी लगेच मान डोलावली. "तेच योग्य. साठवून ठेवलं की उष्णता वाया जातेच." लिमभाऊ मापं घ्यायला आईंच्या बाथरूममध्ये गेले आणि बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "दॅट स्टूल, दॅट पेल, हूज वन?" आई बादलीत पाणी काढून स्टुलावर बसून अंघोळ करत. गुडघ्यांमुळे शॉवरखाली उभं राहणं त्यांना जमत नसे. ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. लिमभाऊंनी मान हलवली. इन्स्टंटची धार बारीक, बादली भरायला फार वेळ लागणार. "फॉर आंटी, स्मॉल टँक." आई ऐकेनात. "माझ्यासाठी कशाला नवी टाकी? मी तर पुढच्या महिन्यात चालले."

हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की मला एकदम लाज वाटली. आपल्याच मुलाच्या घरात ही बाई पाहुण्यासारखी राहत होती, आपल्यामुळे भिंतीला एक भोकसुद्धा पडू नये म्हणून जपत होती. मी म्हटलं, "आई, टाकी तुमच्यासाठीच बसवायची. तुम्ही राहा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. लिमभाऊंना विचारलं, "नवी टाकी किती वर्षं चालेल?" मी ते इंग्रजीत विचारलं. ते म्हणाले, "चेंज द रॉड एव्हरी टू इयर्स, टेन इयर्स कॅन." आई म्हणाल्या, "तुम्हाला कुणाला कांडी बदलायचं लक्षात राहणार नाही." त्या रात्री जेवताना त्यांनी नितीनला तिकीट बदलायला सांगितलं.

पुढची आठ वर्षं आमच्या ओळखीतल्या मराठी घरांमध्ये त्या हीटरवाल्या आजी म्हणून प्रसिद्ध होत्या. कुणाच्याही काँडोतल्या फ्लॅटमध्ये पूजेला गेल्या की आधी त्यांची नजर बाथरूमच्या बटणाकडे. पुण्याहून नोकरीला आलेल्या एका मुलाला पहिलं बाळ झालं आणि त्याने बाळासाठी दिवसरात्र हीटर चालू ठेवला. आई त्याला म्हणाल्या, "अरे, बाळाला अर्धी बादली लागते, तू हौद तापवतोयस." टाकी घरातल्या माणसांच्या मानाने घ्यावी, बाथरूमच्या जवळ बसवावी, तापमान साठ अंशांवर ठेवावं, हे त्या प्रत्येकाला सांगायच्या. एकदा लिमभाऊ आणि त्यांच्या बायकोबरोबर बोटीने पुलाउ उबीन बेटावरही जाऊन आल्या. तिथल्या जुन्या घरात चुलीवर तापलेलं पाणी पाहून आल्यावर म्हणाल्या, "टाकीच नाही, गाळाचा प्रश्नच नाही."

मागच्या शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात लिमभाऊ, हातात नवी कांडी. मी बोलावलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच आईंनी त्यांना हा महिना सांगून ठेवला होता. आई गेल्याचं त्यांना माहीत होतं, ते अंत्यविधीला आले होते. ते शिडीवर चढले, सीलिंगची फळी सरकवली आणि वरून म्हणाले, "लास्ट टाइम आंटी गिव्ह मी पेपर, आस्क मी स्टिक हिअर. आय डोन्ट नो व्हॉट शी राइट. यू रीड." ईशा आता पंधराची. लिमभाऊ खाली उतरल्यावर ती शिडी चढली आणि टॉर्च धरून, अक्षरं जुळवत, मोठ्याने वाचू लागली. टाकीच्या पोटावर प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटवलेला कागद होता, आईंच्या ठसठशीत अक्षरात. "कांडी दर दोन वर्षांनी. गाळ दरवर्षी काढणे. यापुढे लिमभाऊंना फोन ईशाने करावा, बाकी दोघे विसरतात. काम झाल्यावर लिमभाऊंना चहा द्यावा. साखर कमी, त्यांना डॉक्टरांनी सांगितले आहे."

ईशाने त्यांना सगळं इंग्रजीत सांगितलं. शेवटच्या वाक्याला लिमभाऊंनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "आंटी नॉट हिअर. टुडे शुगर कॅन."

"कॅनॉट," ईशा म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.